इटलीत राहिलेले आमचे पलटणीतले आजोबा: शोध कसा घेतला, कुठे अडलं, किती दिवस लागले

काल सकाळी शेवटचा ईमेल पाठवला आणि अकरा महिन्यांनी ती निळी फाईल टेबलावरून उचलून कपाटात ठेवली, म्हणून आज लिहायला बसलेय. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत आणि पलीकडे बांदा-सावंतवाडीच्या पट्ट्यात कितीतरी घरांत असा एक माणूस असतो जो "पलटणीत गेला आणि आलाच नाही". एवढं एकच वाक्य, पुढे काही नाही. आमच्या घरातही तेच होतं. मी शोधायला लागले तेव्हा कुठून सुरुवात करायची, कुणाला विचारायचं काहीच कळत नव्हतं, आणि नेटवर जे काय सापडायचं ते सगळं गोऱ्या सैनिकांच्या नातवंडांना समोर ठेवून लिहिलेलं असायचं. म्हणून म्हटलं जसं झालं तसं तारखांसकट लिहून ठेवूया. नावं देत नाही, बाबांची तशी इच्छा आहे. माझ्या आजोबांचे ते थोरले भाऊ, घरात त्यांना पलटणीतले आजोबा म्हणतात, मीही तेच लिहीन.

सुरुवात झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती आणि त्याआधी गावच्या घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं. आमचं घर पेडण्यात, न्हयबागच्या बाजूला, मागच्या दारातून चालत गेलं की तेरेखोलची न्हंय. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात पणजीचं एक लुगडं, जमिनीचे पोर्तुगीज कागद, आणि तळाला सिगारेटचा एक चपटा डबा. डब्यात रुमालात गुंडाळलेला एक तारा होता. सहा टोकांचा, पितळेसारखा दिसणारा पण काळा पडलेला, मधोमध मुकुट आणि गोलात इंग्रजी अक्षरं. वर एक कडी आणि तिला रिबिनीचा जेमतेम दोन बोटांचा तुकडा, तांबडा-पांढरा-हिरवा-पांढरा-तांबडा, त्यातला तांबडा आता विटेसारखा झालेला. हातात घेतला तर वाटला त्यापेक्षा जड.

बाबा लगेच म्हणाले चिंच आण, समई घासतो तसा घासूया. मी नको म्हटलं आणि आज वाटतं तेवढं एक शहाणपण मला कुठून सुचलं देव जाणे. कृपा करून तुमच्याकडे असं काही असेल तर घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पावडर नाही. कारण दुसऱ्या महायुद्धातले जे तारे हिंदी सैनिकांना दिले त्यांच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, ब्रिटिश शिपायांना दिलेल्या ताऱ्यांवर ती नसते. ही अक्षरं बारीक असतात, घासून घासून जातात. आमच्या ताऱ्यावर ती डोळ्यांना दिसतच नव्हती. मी मागच्या बाजूवर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली, तेव्हा पाच आकडे उमटले, मग "सेप." म्हणजे सिपॉय, मग नाव, मग मराठा. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड अगदी बाजूने पाडून फोटो काढला तरी वाचता येतं, दोन्ही करा. समोरच्या गोलात "द इटली स्टार" असं लिहिलं होतं. म्हणजे इटलीत गेला ही गोष्ट खरी होती. आमच्या सख्ख्या आजोबांनी सांगितलेली ती एवढीच गोष्ट.

चवथीच्या पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर मी मांद्र्याला आतेआजीकडे गेले. आतेआजी म्हणजे पलटणीतल्या आजोबांची धाकटी बहीण, बाबांची आत्या, त्या भावंडांतली आता उरलेली एकटीच. तेव्हा ९१ वर्षांची, ऐकायला कमी येतं पण डोकं लख्ख. तिने तारा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत माझ्या हातात दिला, बोलली काहीच नाही. मग संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावून आल्यावर आपणहून सुरू झाली. दादा गेला तेव्हा ती दहा वर्षांची. तो घरात सांगून गेला नव्हता, मामाकडे जातो म्हणून होडीतून पलीकडे सातार्ड्याला गेला आणि तिथून बेळगावला. नंतर पत्रं यायची ती मामाच्या पत्त्यावर. आणि एक दिवस मामा अवेळी आला, भरतीची वेळ होती, होडीतून उतरताना धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आवय पेज वाढत होती, मामा उंबऱ्यातच उभा राहिला आणि आत येईना. "तो भितर येना म्हणटकच आवयन समजून घेतलें," आतेआजी म्हणाली. तार वाचायचं काम पडलंच नाही.

इथे एक गोष्ट सांगते, जी मी केली नाही आणि नंतर पस्तावले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना पहिल्या दिवसापासून मोबाईलवर रेकॉर्ड करा. मी घरी येऊन आठवून लिहिलं, आणि बोटीचं एक नाव तिने सांगितलं होतं ते मला काही केल्या आठवेना, परत विचारलं तर तिलाही आठवेना.

ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर बसले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे, १९१७ साली सुरू झालेली, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुलातल्या जवळजवळ १७ लाख सैनिकांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत आणि वेबसाईटवर शोधायला एक पैसा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी ते ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरतात, त्यामुळे लढाई संपल्यावर नोकरीत असताना आजाराने गेलेले लोकही त्यात सापडू शकतात, हे लक्षात ठेवा. मी पलटणीतल्या आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव टाकलं, काही नाही. स्पेलिंग बदललं, काही नाही. गोवा टाकलं, पोर्तुगीज इंडिया टाकलं, पेडण्याचं जुनं पोर्तुगीज स्पेलिंग टाकलं, काहीच नाही. चार रात्री अशा गेल्या, ऑफिसातून म्हापशाला घरी यायचं, जेवायचं आणि बसायचं. चौथ्या रात्री तर असं वाटायला लागलं की तारा बहुतेक दुसऱ्याच कुणाचा असेल, आणि त्या विचाराने खूप वाईट वाटलं.

मग लक्षात आलं की शोधायच्या फॉर्ममध्ये सर्व्हिस नंबरचा एक वेगळा रकाना आहे. बाकी सगळं पुसून टाकलं, नुसते पाच आकडे टाकले आणि सैन्याच्या जागी इंडियन आर्मी निवडलं. तेच नंबर वेगवेगळ्या पलटणींत अनेकांना असायचे त्यामुळे बरीच नावं आली, पण त्यात "फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री" एकच. नाव आजोबांचं, त्याला चिकटून वडिलांचं नाव, आडनाव गायब, स्पेलिंग मी जन्मात टाकलं नसतं असं. मृत्यू १४ डिसेंबर १९४३. वय २०. आणि खाली एक ओळ, अमक्याचा मुलगा, राहणार सातार्डा, सावंतवाडी, इंडिया.

रात्रीचे पावणेबारा झाले होते. बाबांना उठवलं.

पलटणीतल्या आजोबांनी भरती होताना गोव्याचं नावच सांगितलं नव्हतं. तेव्हा गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल युद्धात नाही, आणि नदीपलीकडे ब्रिटिशांच्या छत्राखालचं सावंतवाडी संस्थान, जिथून मराठा पलटणीत पिढ्यानपिढ्या भरती होत आलेली. मामाचं गाव हेच माझं गाव असं सांगितलं की प्रश्नच मिटला. आपल्याकडे गोव्यातलं दुसरं महायुद्ध म्हटलं की मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात पेटलेल्या एरेनफेल्स या जर्मन बोटीची गोष्ट सगळे सांगतात, पण नदी ओलांडून दुसऱ्या गावचे होऊन लढायला गेलेल्या पोरांचं कोण काही सांगत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती, तुमचा माणूस गोव्याच्या नावावर सापडला नाही तर तिथे थांबू नका. आजोळ कुठलं ते बघा. सावंतवाडी, रत्नागिरी, बेळगाव, कारवार, जे पलीकडचं जिल्ह्याचं नाव असेल ते "अॅडिशनल इन्फॉर्मेशन"च्या रकान्यात टाकून बघा, आणि सावंतवाडी तर डब्ल्यूने एकदा, व्हीने एकदा, दोन शब्द तोडून एकदा. आडनाव टाकू नका, हिंदी शिपायांच्या नोंदीत ते खूप वेळा नसतंच. ब्रह्मदेशात गेलेला असेल तर बहुतेक रंगून मेमोरियलवर नाव असेल, मलाया-सिंगापूरकडे गेलेला असेल तर क्रांजीच्या सिंगापूर मेमोरियलवर. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा मेमोरियल बघा, कूटच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या.

आमच्या पलटणीतल्या आजोबांचं नाव होतं सांग्रो रिव्हर क्रीमेशन मेमोरियलवर. क्रीमेशन हा शब्द मी तीनदा वाचला. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आब्रुत्सो भागात, तोरिनो दी सांग्रो नावाच्या गावाजवळ मोठं युद्धकबरस्तान आहे, २६०० वर कबरी, आणि त्याच्यातच हे वेगळं स्मारक, ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन केलं अशा ५०० हून जास्त हिंदी सैनिकांचं. इटलीत अशी तीनच स्मारकं आहेत, एक हे आणि बाकीची दोन फोर्ली आणि रिमिनीला.

हे का महत्त्वाचं ते आमच्यासारख्या घरातल्यांना सांगायला नको. पणजी जिवंत होती तोपर्यंत म्हाळाच्या दिवसांत एक पान वेगळं वाढायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच बाहेर नेऊन ठेवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मातीत पुरला असेल की तसाच पडला असेल, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी वेबसाईटवरून त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट आणि रजिस्टरच्या पानाची कॉपी डाऊनलोड केली, दोन्ही फुकट आहेत, आणि पुढच्या रविवारी मांद्र्याला घेऊन गेले. आतेआजीला सगळं ओरडून ओरडून सांगितलं, नदीचं नाव, तारीख, वीस वर्षं. तिने एकच विचारलं, "ताका उजो दिल्लो मगो?"

हो म्हटलं. लिहिलंय इथे, अग्नी दिलाय.

मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सुनेने मला हाताने खूण केली, बस, राहू दे.

पुढचा टप्पा बेळगाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि शिपायांची नोंद हवी असेल तर तिथल्या रेकॉर्ड्स ऑफिसला लिहायचं. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जे इंडिया ऑफिसचे कागद आहेत त्यात मुख्यतः ऑफिसर लोकांचंच सापडतं, आपल्या शिपायांसाठी तिथे पैसे आणि वेळ घालवू नका असं मी म्हणेन. पत्र साधंच लिहिलं, एक पान. वर सर्व्हिस नंबर, हुद्दा, ताऱ्यावर आहे तसंच स्पेलिंग, वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, सातार्ड्याचा पत्ता, आणि आमचं नातं काय ते. सोबत कमिशनच्या सर्टिफिकेटची कॉपी, ताऱ्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, बाबांचं आधार, आणि नातं दाखवणारी वंशावळ स्टँपपेपरवर, तिचे नोटरीसकट ३५० रुपये गेले. स्पीड पोस्ट ४१ रुपये. ६ नोव्हेंबर २०२३ ला टाकलं. पावती फाईलला स्टेपल करून ठेवा, ट्रॅकिंग नंबर नंतर उपयोगी पडतो.

डिसेंबर गेला. १४ डिसेंबरला पहिल्यांदाच आम्हाला त्यांची तिथी नाही पण तारीख तरी माहीत होती, आईने खीर केली. या वाट बघायच्या दिवसांत मी इटलीतल्या लढाईबद्दल मिळेल ते वाचत होते. पेंशनीत निघालेले बाबाही वाचायला लागले, एरवी पेपरच्या पलीकडे न जाणारा माणूस. आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण होती, सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन तारांतोला उतरली आणि पूर्वेच्या किनाऱ्याने वर सरकत एकामागून एक नद्या ओलांडत गेली, बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. नोव्हेंबर-डिसेंबर, पाऊस, चिखल, फुगलेल्या नद्या. मोरो नदीवर अलीकडच्या काठावर जागाच नव्हती म्हणून सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या पूल बांधणाऱ्या लोकांनी, सामान पलीकडे नेऊन शत्रूच्या बाजूने उलटा पूल बांधत आणला, त्याला नावच पडलं इम्पॉसिबल ब्रिज, आणि हे सगळं पलटणीतल्या आजोबांच्या शेवटच्या आठवड्यातलं. तेरेखोलच्या काठावर वाढलेला पोर, नदीचं त्याला काय भय असणार, पण डिसेंबरातलं ते पाणी किती थंड असेल हे माझ्या मनातून जातच नव्हतं.

तेव्हाच नाईक यशवंत घाडगे यांच्याबद्दल नीट वाचलं. माणगावकडचे, तिसऱ्या मराठा पलटणीतले, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या चौकीवर धावून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. त्यांचीही कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, म्हणजे इथे आमची ट्रंक उघडायच्या जेमतेम महिनाभर आधी. बाबांनी ती बातमी प्रिंट काढून मागितली, ती पण फाईलमध्ये आहे.

बेळगावचं उत्तर आलं २५ जानेवारी २०२४ ला, अकरा आठवड्यांनी. खाकी पाकीट, एक पान. शिपायाची सविस्तर नोंद असते तिला शीट रोल म्हणतात, ती एवढ्या वर्षांनंतर शिल्लक नाही, पण लाँग रोल नावाचं जे भरतीचं रजिस्टर असतं त्यातली ओळ त्यांनी उतरवून पाठवली होती. भरती ९ फेब्रुवारी १९४२, बेळगाव. वय १८ वर्षं ४ महिने. जात, गाव, वडिलांचं नाव. उंची ५ फूट ४ इंच. आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात, हनुवटीखाली डावीकडे व्रण.

त्यांचा एकही फोटो घरात नाही. ८० वर्षांनी आम्हाला कळलं की ते केवढे होते आणि हनुवटीखाली व्रण होता. आतेआजीला फोनवर सांगितलं तर ती हसलीच, म्हणाली आंब्यावरून पडला होता, टाके घालायला पेडण्याला नेला होता बैलगाडीतून, आणि सगळी वाट आपल्याला म्हणजे तिला शिव्या देत होता कारण आंबा तिलाच हवा होता.

आता खरं म्हणजे इथे थांबायला हरकत नव्हती. पण बाबांना ते "१८ वर्षं ४ महिने" खटकत होतं, कारण आमच्या सख्ख्या आजोबांचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा, जन्म १९२७ चा आणि दोघांत दोन वर्षांचंच अंतर असं घरात सगळे म्हणायचे. मग हिशोब जुळत नाही. गोव्यात एक बरं आहे, १९१४ पासून जन्ममृत्यूची नोंद सक्तीची होती त्यामुळे जुनी वही सापडू शकते. जन्माच्या नोंदीची पूर्ण नक्कल मागायची, तिला सगळे तेओर म्हणतात, साधं जन्माचं सर्टिफिकेट मागू नका कारण त्यात सगळा तपशील येत नाही.

हा टप्पा सगळ्यात त्रासाचा. फेब्रुवारी ते एप्रिल २०२४. एका ऑफिसात तीन फेऱ्या झाल्या, पहिल्या वेळी वही दुसरीकडे गेलीय, दुसऱ्या वेळी साहेब नाहीत, तिसऱ्या वेळी वर्ष नक्की सांगा नाहीतर शोधणार नाही. लाईनीत सगळे पोर्तुगीज पासपोर्टसाठी आलेले, काऊंटरवरची बाईही आधी तेच विचारायची, लिस्बनचं काम ना? नाही म्हटलं की मग कशाला हवंय असं बघायची. मी दोन कॅज्युअल लीव्ह घातल्या, चौथ्या दिवशी रडायलाच आलं. शेवटी तिथल्याच एका प्यूनने बाहेर येऊन सांगितलं की बाई, एवढ्या जुन्या वह्या पणजीला पुराभिलेख खात्यात बघा. तिथे गेल्यावर काम सोपं झालं. एका वर्षाचं नाव न सांगता तीन वर्षांची मुदत लिहून अर्ज दिला, १९२३ ते १९२५, गाव आणि वडिलांचं नाव, दोघांची जुनी स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीने, व च्या जागी व्ही, क च्या जागी सी, शेवटी एम. हे आधी घरी कागदावर लिहून न्या, काऊंटरवर सुचत नाही.

१८ एप्रिलला सापडलं. मला वही उघडून दाखवली. पिवळं जाड पान, तिरक्या वळणाची शाई, सगळं पोर्तुगीज, तारीख आकड्यांत नाही तर अक्षरांत. वडिलांचा धंदा लाव्रादोर, म्हणजे शेतकरी. मुलगा, ११ मे १९२५, पहाटे चार वाजता. त्या सगळ्या परक्या अक्षरांच्या खाली पणजोबांची सही, मोडीत, एकच ओळ, शेवटचं अक्षर कागद संपल्यामुळे वर वळवलेलं. मी बोट लावणार होते, मग नाही लावलं.

११ मे १९२५. म्हणजे भरतीच्या दिवशी ते जवळजवळ १६ वर्षं ९ महिन्यांचे होते. गाव खोटं सांगितलं, वयही खोटं सांगितलं.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना ८० वर्षांपूर्वीच्या त्या मामाचा राग आला होता, की त्याला माहीत असणार, त्याने कसं जाऊ दिलं. मला नाही वाटत तसं. १९४२ साल, घरात खाणारी सात तोंडं, पावसाळ्यानंतर भात किती महिने पुरायचं ते पेडण्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पण मी वाद घातला नाही.

मे महिन्यात आम्ही दोघं बेळगावला जाऊन आलो. कागदाचं काही काम नव्हतं, नुसतं बघायला. पणजीहून सकाळची कदंबा बस, चोर्ला घाटातून, बाबांना वळणांचा त्रास होतो त्यामुळे ओव्याची पुडी आणि पुढची सीट. सेंटरच्या आत जायला परवानगी लागते, ती आम्ही काढली नव्हती, बाहेरूनच बघितलं. तुम्ही जाणार असाल तर आधी लिहून विचारा.

मधल्या काळात बाबांच्या मित्राची मुलगी इटलीत शिकायला आहे असं कळलं. तिला विचारायला मला खूप संकोच वाटत होता, पण ती लगेच हो म्हणाली. जूनमध्ये ती पेस्काराहून लोकल ट्रेनने गेली, स्टेशनवरून पुढे गाडी मिळायला वेळ लागतो म्हणाली, रविवारी तर अजिबात जाऊ नका. काय घेऊन जाऊ असं तिने विचारलं होतं. मी फुलं सांगणार होते, पण आतेआजी म्हणाली, "फुलां कित्याक? उदक दी म्हण ताका." तिने बाटलीतलं पाणी ओंजळीने दिलं. व्हिडिओ पाठवलाय, ५१ सेकंदांचा, वारा एवढा की तिचा आवाज ऐकू येत नाही, दगडावर पलटणीच्या नावाखाली नावांच्या रांगा, आणि तिचं बोट एका नावावर थांबतं. स्पेलिंग ताऱ्यावर आहे तेच. तिचे येण्याजाण्याचे पैसे द्यायचा मी खूप प्रयत्न केला, घेतले नाहीत.

आता राहिला होता शेवटचा कागद. कमिशनच्या नोंदीत चूक असेल तर पुरावा देऊन दुरुस्ती मागता येते, ईमेलने. तेओरची कॉपी, तिचा इंग्रजी अनुवाद, अनुवादाचे ८०० रुपये, बेळगावचं पत्र, वंशावळ, सगळं स्कॅन करून ठेवलं. एकूण खर्च मी लिहून ठेवलाय, प्रवास धरून ४,६०० च्या आसपास, त्यातले निम्मे बस, रिक्षा आणि झेरॉक्स. पण अर्ज लिहायला बसल्यावर घरात भांडण झालं. बाबांचं म्हणणं वयाबरोबर गावही दुरुस्त करायचं, सातार्डा काढून पेडणे, गोवा असं लिहायचं. तो आमचा होता, त्याचं घर इथे आहे, दगडावर नाही तर निदान रजिस्टरमध्ये तरी गोव्याचं नाव येऊ दे. मलाही ते पटत होतं. तीन आठवडे अर्ज तसाच पडून होता.

शेवटी परवा मांद्र्याला गेलो आणि बाबांनी आतेआजीलाच विचारलं. ती म्हणाली गावाला हात लावू नका. तार सातार्ड्याला आली, पत्रं सातार्ड्याला आली, पेन्शन आणायला बापूय सातार्ड्याला जायचा. "आपणें तोंडान सांगलां तें. आसूं दी तशेंच." आणि वय? वय करा, म्हणाली, तेवढं करा.

बाबांनी वाद घातला नाही. काल सकाळी मी फक्त वयाचा अर्ज पाठवला, २० च्या जागी १८, आणि तिला फोन करून सांगितलं. तिला नीट ऐकू गेलं नाही म्हणून परत सांगितलं, अठरा वर्षं सात महिने.

"आनी वयर दीस कितले?"

मी कॅलेंडर काढून मोजले. तीन.

"तीन," ती म्हणाली, आणि आत सुनेला हाक मारून सांगितलं, लिहून ठेव गो.